कमरेपर्यंतचा शॉट

काळाचौकीच्या म्युनिसिपल शाळेत
मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी
आधी बाकं सरकवायची, मग नाच.
पेडणेकर मास्तर दिवसा पोस्टात शिक्के मारत
आणि सहानंतर लाकडी पट्टीने टेबलावर तीनताल.
ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्,
सहा महिने एवढंच.
हात कधी उचलायचे विचारलं, तर म्हणाले,
"पाय आधी बोलू दे.
हात काय, बस थांबवायलाही हलवतात लोक."

पहिले घुंगरू त्यांनीच ओवून दिले,
एकेक गाठ दातांनी ओढून.

मग आरामनगरचा एक गाळा.
भिंतीवर उंचीची खडूची रेघ,
रेघेखाली आम्ही सत्तर मुली.
"पाय चांगला आहे हिचा," असिस्टंट म्हणाला,
"रंग बघून तिसऱ्या लाइनीत घे."
युनियनच्या कार्डाला आईच्या भिशीचे पैसे.
नंबर खरं तर कदमकाकूंचा होता.
त्यांनी तो न बोलता पुढे केला
आणि नंतर वर्षभर बोलून दाखवला.

चौदा वर्षं.
मी कोळीण झाले, अरबी झाले,
मे महिन्यात गोरेगावला मिठाच्या बर्फात
चोळीवर थरथरले. हिरॉइनला कोट होता.
एकदा दिवासुद्धा झाले,
डोक्यावर बल्ब, वायर पाठीतून खाली,
आणि घाम फुटला की बारीकसा झटका.
"मागची लाइन, हसा!
पण नजर तुमच्यावर जाईल असं नको."
हे हसू मास्तरांनी शिकवलं नव्हतं.
ते मी व्हॅनिटीच्या बाहेरच्या आरशात
एकटी शिकले.

एकतिसावा टेक, पहाटेचे चार.
पाच-सहा-सात-आठ,
आणि आठवर डाव्या गुडघ्यात
काहीतरी ओल्या दोरीसारखं सुटलं.
मी पाय टाकला. पडले नाही.
हसू जागच्या जागी होतं.
"ओके! पॅकअप!"
दोघींनी मला उचलून रिक्षात बसवलं,
बाकीच्या दागिने मोजून परत करत होत्या.

केईएमच्या डॉक्टरांनी विचारलं, काय करता?
म्हटलं, नाचते.
त्यांनी केसपेपरवर लिहिलं: गृहिणी.

गाणं खूप चाललं.
आई रिमोट धरून बसायची,
आली आली म्हणेपर्यंत मी गेलेली असायची.
शेवटी ती माझं कोपर ओळखायला शिकली,
पाहुण्यांना दाखवायची. पाहुणे हो म्हणायचे.

आता मुलुंडच्या सोसायट्यांत
लग्नाच्या संगीताचे नाच बसवते.
नवऱ्याचे काका, नवरीच्या बॉसची बायको,
सगळ्यांना पहिली लाइन हवी असते.
मी देते. लाइन वाकवून वाकवून
सगळ्यांना पहिली देते.

परवा मास्तरांकडे गेले,
पोस्टातून सुटल्याला किती वर्षं झाली,
पट्टी अजून उशाशी.
"पाहिलं तुझं गाणं," म्हणाले.
"आवाज बंद करून पाहतो मी. गाणं मध्ये येतं."
चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला.
"शेवटच्या आठला
डावा पाय उशिरा पडला तुझा."

मी म्हटलं, मास्तर,
तो कमरेपर्यंतचा शॉट आहे.
पाय दिसतच नाहीत त्यात कुणाचे.

"हो," म्हणाले, "खांद्यावरून कळलं."

चाळीस जणी होत्या त्या फ्रेममध्ये.
दिग्दर्शकाने पाहिलं, एडिटरने पाहिलं,
दोन वर्षं सगळ्या वरातींनी पाहिलं.

मी उठून कप विसळायला गेले
आणि नळ जरा जास्त वेळ चालू ठेवला.
बाहेरून पट्टीचा आवाज आला, एकदाच.
"बघू," म्हणाले, "उभी राहा.
उजव्यावर जोर दे. हळू.
ता."