बीस बत्तीस

आधी तिसऱ्या मजल्यावरून उघडायची गाडी.
मग जिन्याच्या तळाशी उभं राहून.
मग दुचाक्यांच्या रांगेपाशी.
या आठवड्यात तर काचेला चावी टेकवून
बटण दाबायचं, पुन्हा दाबायचं
नख पांढरं होईस्तोवर,
जसं कुलपाच्या कानात काही खासगी सांगायचंय.

भुसावळ. मे. सेहेचाळीस पॉइंट दोन.
दाराचं हँडल धरायला रुमाल लागतो.
बोरोले वहिनींनी गॅलरीतूनच निदान केलं:
"डॅशबोर्डवर ठेवता ना चावी? उकडली असंल."

सुभान तडवीचं दुकान म्हणजे
मोबाइलवाला आणि रसवंती यांच्यामधली फट.
भिंतीवर अकरा घड्याळं, अकरा मतं.
त्यानं डोळ्यात भिंग बसवलं,
कडेचा खटका दाबून
आतली लोखंडी चावी उपसून बाजूला ठेवली.
(चार वर्षं खिशात वागवली हिला,
पोटात आणखी एक चावी आहे
हे मला माहीत नव्हतं.)
मग बाजारातून उठलेलं चाराण्याचं नाणं
फटीत घालून किंचित पिळलं. टच्च.
"चाराण्याले आता एवढंच काम उरलं," म्हणाला.

आत हिरवी पट्टी, राखाडी रबर,
मूठभर धूळ म्हणावी तर चिमूटभरही नाही,
आणि ती चकती.
"बीस बत्तीस," सुभान म्हणाला.

मला वाटलं, साल सांगतोय.
मनातल्या मनात लगेच जाऊन आलो तिथवर:
गाडीचे हप्ते फिटलेले,
मुलगी कॉलेजात,
आप्पा एक्क्याण्णव,
म्हणजे, असतील तर.

"वीस रुंद, तीन पॉइंट दोन जाड," तो म्हणाला.
"दुसरं काही नाही त्या आकड्यात."

मीटरच्या दोन सुया टेकवल्या.
"मेला नाही हा. लांब हाक जात नाही फक्त.
जवळचं भागवीन अजून."
आणि कचऱ्यात न टाकता ड्रॉवरमध्ये सरकवला,
नातवाच्या दिव्याच्या भोवऱ्यासाठी.

नवा सेल चिमट्यानं कडेला धरून:
"बोट नका लावू. घाम लागतो त्याले."
अधिकची खूण वर. कट्.
साठ रुपये.

मी निघालो तर मागून,
"आप्पांचे न्यायचे नाहीत का?"
नारिंगी शेपटीचे, सहाची पट्टी.
शेपटी सोलली की मिनिटभर हवा खाऊ द्यायची,
मग कानात.
"गेल्या महिन्यातले चार शिल्लक आहेत," मी म्हटलं.
सुभान भिंगाआडून हसला.

चौतीस वर्षं लोको शेडमध्ये
हातोडीनं बोल्ट ठोकून
आवाजावरून सैल कुठला ते सांगायचे आप्पा.
कान तिथेच जमा करून रिटायर झाले.
आता यंत्र रॉकेलसारखं वापरतात.
बातम्यांना चालू.
बहिणीचा फोन आला की चालू.
मी डॉक्टरांचं नाव काढलं
की शेपटी पुन्हा चिकटवून डबीत.

संध्याकाळी ऊन गच्चीवरून उतरलं
तेव्हा चावी त्यांच्या हातात दिली.
"बघा, आता इथूनच."
दाबली. खाली गाडीनं दोन्ही डोळे मिचकावले.
दाबली. पुन्हा.
तिसऱ्या मजल्यावरून, हात पुढे न करता,
लुंगीतला माणूस
आठशे किलोचं लोखंड जागं करतोय,
झोपवतोय, जागं करतोय.
खालची पोरं थबकून वर बघायला लागली.
बोरोले वहिनी बाहेर आल्या.

"आप्पा, बस. सेल संपंल."

दाबली.

"अहो आप्पा!"

यंत्र आत फडताळात होतं,
डबीत,
सेल वाचवत.