घट

अधिक श्रावणात जन्मलो, म्हणून अधिकराव.
तो नेमका महिना कधी आठ वर्षांनी येतो, कधी एकोणीस.
आई वाढदिवस त्याच महिन्यात धरायची.
तिच्या हिशेबानं मी आत्ता चार वर्षांचा,
सरकारच्या हिशेबानं एकोणसाठ.

विट्याहून सोळाव्या वर्षी सेलमला गेलो, मामाच्या गलाईत.
पत्र्याची पेटी, दोन सदरे,
आणि तिसऱ्या दिवशी संपलेली शेंगदाण्याची चटणी.
पहिलं काम झाडू.
सोनारगल्लीतला केर विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा,
लोकांनी तुडवलेल्या धुळीतून गुंजभर सोनं काढायचं.
तमिळ शिकलो ती शिव्यांपासून.
मग आकडे आले.
‘जेवलास का’ सगळ्यात शेवटी.
मूस तडकणार हे तिच्या आवाजावरून कळायला सहा वर्षं लागली,
कसोटीवरची रेघ वाचायला अकरा.
पुढं लोकच म्हणू लागले,
अधिकचा डोळा म्हणजे काटा.

सोनं गाळलं की थोडं वजन जातं.
आम्ही त्याला घट म्हणतो.
गिऱ्हाईक विचारतं, कुठं गेलं?
गेलं ते सोनं नव्हतंच, असं सांगायचं असतं.
हजारदा सांगितलं असेल,
स्वतः कधी ऐकलं नाही.

मग काचेची पेटी आली.
अर्ध्या मिनिटात टंच सांगते, दशांशासकट,
आणि तिला घाम येत नाही.
दोन वर्षांत गल्लीतल्या नऊ भट्ट्या थंडावल्या.
नववी माझी.

गावी आल्यावर बँकेत अंगठा लावला, उमटेना.
तेजाबानं रेषा केव्हाच खाल्लेल्या.
काउंटरवरचं पोरगं म्हणालं,
काका, मशीन तुम्हाला ओळखत नाही.
म्हटलं, त्याचा काय दोष,
मला तरी कुठं पटतीय ओळख.

मायणी रोडला पुतण्यानं तसलीच पेटी आणली.
शालन म्हणाली, ह्या वयात कशाला नसती उठाठेव?
उत्तर सुचलं नाही. चपला घातल्या.

शिकवायला प्रणोती, लेंगऱ्याची पोर, बीएस्सी.
सोळाव्या वर्षी हातात मूस होती,
आता माऊस.
मूस जागची हलत नव्हती,
हा उंदीर बघता बघता टेबलाच्या कडेला जातो.
प्रणोती तिसऱ्यांदा सांगते तसंच चौथ्यांदा सांगते.
मामा दुसऱ्यांदा सांगायचा नाही,
चिमटा टेकवायचा.

परवा एक बाई बोरमाळ मोडायला घेऊन आली.
दगडावर घासून मी म्हणालो, ब्याऐंशी.
पेटी म्हणाली, शहात्तर.
मी म्हणालो, पेटी वरवरचं बघते.
एक मणी गाळला.
शहात्तर.
प्रणोती काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री डोळ्याला डोळा नाही.
चाळीस वर्षांत किती बाया आल्या,
बोटाला साबण लावून किती अंगठ्या काढल्या.
मी आकडा सांगायचा, त्यांनी मान हलवायची.
माझ्यावर दुसरा काटा कुठं होता?
कुणाला जास्त गेलं असेल, कुणाला कमी.
जास्तवाले एकही आठवेनात.
सेलमची ती म्हातारी तेवढी समोर बसून राहिली,
नाकातली चमकी काढून दिलेली.
पैसे कनवटीला खोचून जाता जाता
तिनंच पहिल्यांदा विचारलं होतं,
जेवलास का.

सकाळी शंभर पानी वही घेतली.
तीन रकाने आखले,
मी, पेटी, फरक.
प्रणोती म्हणाली, फरकाला लाल पेन घ्या काका.
घेतलं.

पुढच्या अधिक श्रावणात मला पाचवं पुरं होईल,
शाळेत घालायचं वय.
असलो तर.

आजचा फरक दोन.
काल दीड होता.