कोण बोलतंय

नवा सेट आला की आधी त्याला आकडा.
मोती तबेल्याच्या फायर स्टेशनात, जिन्याखालच्या खोलीत
केबल जोडून मी आकडा भरते,
आणि पुढच्या रकान्यात नाव.
चार हजार दोनशे एकोणीस : गेंदालाल.
चार हजार दोनशे वीस : मुबारिक.
शून्य कुणालाच देत नाहीत.
अगदी शेवटचा आकडाही नाही,
तो सगळ्यांना एकदम हाक मारायला राखून ठेवलेला.
मधले सगळे आमचे.
सेट हरवला, चोरीला गेला, तर इथूनच त्याचा आकडा मारते.
मुका होतो, बहिरा होतो,
चोराच्या खिशात नुसती वीट.

चालू केल्या केल्या सेट बोलत नाही, हजेरी लावतो.
आपल्याला ऐकू न येणाऱ्या वाहिनीवर हळूच सांगतो :
मी अमुक, या टॉवरखाली आलोय, मला आगीवाल्यांच्या गटात बसवा.
टॉवर म्हणतो, बस.
बटण दाबलं तरी लगेच बोलता येत नाही,
आधी परवानगी, मग मोकळी वाहिनी,
पापणी लवायच्या आत हे सगळं,
मग टुंग,
मग माणूस.
आणि त्याच्या आवाजाला आतून आकडा चिकटलेला,
कॉलरच्या आत परटाची खूण असते तसा.

माझं माहेरचं नाव शरयू.
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'मानसी' काढलं,
आणि पहिलं वर्षभर स्वयंपाकघरातून हाक आली
की मी वळून बघायची,
कुणाला बोलावतायत.

त्या रात्री सांवेर रोडला थिनरचं गोदाम पेटलं.
दोन वाजून सात मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी.
आवाज नाही.
नारिंगी बटण दाबलं की बोलावं लागत नाही,
नुसता आकडा येत राहतो,
पुन्हा, पुन्हा, कडी वाजवल्यासारखा.
चार दोन एक नऊ.
मी माइकवर ओरडले, गेंदालाल अडकलाय,
मागच्या शटरकडे होता, तिकडे पळा.
पळाले पाच जण.
मागच्या शटरपाशी
खांद्यावर पाइप घेऊन गेंदालाल उभा, धडधाकट.
म्हणाला, भिया, अपन तो इधर ई हैं.

संध्याकाळी टपरीच्या बाकावर
दोघांनी सेट शेजारी शेजारी ठेवले होते,
एका खोक्यातून आलेले, एकसारखे काळे.
कट चहा संपला,
हाताला लागला तो उचलला.
टॉवरला सेट कळतो,
हात कळत नाही.

मुबारिक पुढच्या माळ्यावर होता, पडलेल्या रॅकखाली.
अकरा मिनिटं लागली.
लॉगमध्ये लिहिलेली आहेत, मी एकेक करून वाचली.
चौकशीत सिस्टिम निर्दोष सुटली.
बरोबरच आहे, ती खोटं बोललीच नव्हती :
चार दोन एक नऊ संकटात होता.
पुढच्या रकान्यातलं नाव माझं होतं.
म्हणजे, मी टाइप केलेलं.

मुबारिक परत आला, दीड महिन्याने.
घशात धूर मुरला तो मुरला,
पूर्वी 'हलो कंट्रोल' एवढ्यावर ओळखायची,
आता घोगरा, कुणाचाही वाटेल असा आवाज.
टुंग होतं,
स्क्रीनवर आकडा उमटतो, शेजारी नाव,
ठळक, स्वच्छ, शुद्धलेखनासकट.
तरी मी विचारते, कोण बोलतंय?
सगळ्यांनाच विचारते.
ड्युटीवरचा मंडलिक हसतो, वेळ जातो म्हणतो.
जातो.

काल मुबारिक वैतागला :
मॅडम, स्क्रीन पे लिखा तो है.
म्हटलं, हो, लिहिलंय.
मीच लिहिलंय, बाबा.
तू सांग.