अर्धा म

आरिकात पाऊस पडत नाही.
म्हणून तर मेलेली माणसं इथे टिकली,
देल्फिना युक्रा सांगते
आणि वहीत हवेतला दमटपणा लिहिते:
अठ्ठावन्न. काल त्रेपन्न होता.
समुद्रावरचं धुकं हल्ली जास्त वेळ बसतं,
चहा झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

तिच्या कपाटात सतरा मुलं आहेत.
सर्वांत धाकटं वीतभर,
जन्माला यायच्या आधीच गेलेलं.
आत काटक्या, काटक्यांवर राखेचा लगदा,
वर काळा लेप, चेहऱ्याच्या जागी मातीचा मुखवटा,
आणि त्यात छोटं गोल तोंड, उघडं.
सात हजार वर्षांत ते मिटलेलं नाही.

चिठ्ठीवर शब्द: मोमिआ.
तो इथला नव्हे. जहाजातून आला, उंदरांबरोबर.
फारसीत त्याचं मूळ नुसतं मेण,
मग डोंगरातून पाझरणारं डांबर,
मोडल्या हाडावर लावायचं.
मग इजिप्तच्या प्रेतांचा काळेपणा पाहून
कुणी त्यालाच डांबर समजलं,
आणि युरोपातले औषधवाले
माणूस कुटून पुड्या बांधत राहिले,
खोकल्यावर, पोटदुखीवर.
उरलंसुरलं चित्रकारांनी तेलात घोटलं.
कुठल्यातरी दिवाणखान्यात
एका तपकिरी घोड्याच्या पाठीवर
थीब्जचा एखादा कारकून
अजून पसरलेला असेल.

"आमच्या घरात ती शिवी होती," देल्फिना म्हणते.
बाप बंदरावर हमाल, संघटनेचा माणूस.
गोदामाच्या मालकाला, आन्सेल्मोला, तो मोमिओ म्हणायचा:
जुन्याला चिकटलेला, श्रीमंतांच्या बाजूचा, ढिम्म.
सहा वर्षांची देल्फिना त्याच्या बाह्यांत डोकवायची,
पट्ट्या कुठून सुरू होतात ते बघायला.
मग त्र्याहत्तरचा सप्टेंबर आला. बापाला नेलं.
शब्द घरात पुन्हा कुणी काढला नाही.
आन्सेल्मो मात्र नव्वदी ओलांडेपर्यंत टिकला.
"म्हणजे बाप शब्दाला चुकला नव्हता."

मी हे मराठीत टिपून घेते.
ममी लिहिते. मधला म जरा दाबला
की मम्मी होते.
अर्धा म. तेवढंच अंतर
गुंडाळलेल्या देहात
आणि शाळेच्या फाटकाशी मारलेल्या हाकेत.
देल्फिना दोन्ही शब्द बोटाने गिरवते,
शिरोरेघेवरून बोट फिरवत विचारते,
"हे काय, दोरीवर वाळत घातलंय?"

रविवारी तिच्या आईकडे, कामारोनेसच्या खोऱ्यात.
नदी नितळ. नदीत सोमल.
तेव्हाही होता. बाळं पोटातच थांबायची,
म्हणून इथल्या बायका हे शिकल्या,
असा देल्फिनाचा अंदाज;
राजासाठी नव्हे, देवासाठी नव्हे.
एउफ्रासियाची स्वतःची दोन गेली, देल्फिनाच्या आधी.
साबणाच्या खोक्यातून नेली.
ती कोळंबी सोलत ऐकते. मग:
"त्या वीतभराचं नाव काय?"
"नंबर आहे."
"तुझा नंबर नको. करणारी काय म्हणायची त्याला?"
"ती भाषाच उरली नाही, आई."
कोळंबीची साल ताटलीत पडते.
"मोमिआ तर नक्कीच म्हणत नसेल."

परतताना देल्फिना एकदम सांगते,
रंगाचे तीन थर आहेत त्याच्यावर.
म्हणजे लगेच पुरलं नाही.
घरात ठेवलं असेल, इकडून तिकडे नेलं असेल,
रंग उडाला की पुन्हा लावला असेल.
मग बराच वेळ गाडीचाच आवाज.

सोमवारी दमटपणा एकसष्ट.
वही बाजूला ठेवून ती आधी कप्पा ओढते,
वाकते, काहीतरी म्हणते.
काय ते मला ऐकू आलं नाही.
फक्त तिचे ओठ मिटलेले दिसले,
म म्हणताना मिटतात तसे.