दोनशे सत्तर हात

आयुष्य फूटपट्टीवर गेलं माझं,
लष्कर भागातल्या एका सरकारी खोलीत.
एकोणऐंशीत किल्ल्याची मोजणी निघाली,
टेपचं दुसरं टोक धरायला रामसेवक कुशवाह.

पूर्वेकडून सुरुवात केली.
खडक कुठे संपतो नि भिंत कुठे सुरू होते
टेपला कळेना. मलाही.
रामसेवक म्हणाला, पहिला राजा कोडी होता, बाबूजी,
साधूनं ओंजळभर पाणी दिलं नि अंग बरं झालं,
म्हणून बांधला.
पुढे जो चढला त्याचा झाला.
तोमर, लोदी, मुघल, मराठे, गोरे,
ज्यानं त्यानं आपलं दार बसवलं
आणि आत कुणालातरी कोंडलं.

उतारावरच्या कातळात उभे जिन,
चेहरे छिन्नीनं उडवलेले.
सगळ्यात उंच सत्तावन्न फूट.
उंचीच्या रकान्यात उंची लिहिली.
चेहऱ्याला रकाना नव्हता.

वाटेत ते एका दगडातलं छोटं देऊळ.
दिल्लीचे साहेब गुडघ्यावर बसले,
शून्य बघायला. दोनशे सत्तरमधलं,
वाटाण्याएवढं.
मी रामसेवकला अर्थ सांगितला :
फुलबागेला जमीन, दोनशे सत्तर हात लांब,
एकशे सत्त्याऐंशी रुंद,
आणि माळ्यांनी देवाला रोज पन्नास माळा द्याव्यात,
ज्या ऋतूत जी फुलं मिळतील त्यांच्या.

साहेब अजून शून्यातच.
रामसेवकची झेंडूची वाफं खाली, सुवर्णरेखेच्या काठी.
तो बोटांवर मोजत होता.
"पन्नास म्हणजे दोन बायकांचा दिवस गेला.
पण ऋतूचं लिहिलंय ना?
मग लिहिणाऱ्याला फुलं कळत होती."

नकाशा शाईत उतरवला.
किल्ला काळा, तळी निळी,
पायथ्याशी नदी निळी.
महिन्यानं परत आला, तांबड्या पेन्सिलीची खूण :
*नदी नव्हे, नाला. दुरुस्त करा.*
नाव सोन्याच्या रेघेचं,
आणि रेघा काढणं हाच माझा धंदा.
ब्लेडनं खरवडली.

ट्रेसिंगच्या कापडावर
खरवडलेली रेघ पुरती जात नाही.
परवा पेटी आवरताना सापडलं ते,
खिडकीशी धरलं,
तर किल्ल्याच्या पायाशी
एक फिकट वळण,
आणि त्याला लागून चार चौकोन,
जे मोजणीत नव्हते,
मी कधी काढले आठवत नाही.
वाफेच असणार.