हन्त

मंगळवारी संध्याकाळी, डंडीच्या वाचनालयात,
हीटरजवळच्या टेबलावर आमचा संस्कृतचा वर्ग भरतो.
पाच जण. शिकवतात एल्स्पेथ गेडिस,
भूगोलाच्या निवृत्त बाई,
नवरा गेल्यावर देवनागरी शिकलेल्या.

आज अडलो एका अव्ययावर : हन्त.

कोश उघडला. हर्ष.
त्याच ओळीत विषाद. पुढे अनुकंपा.
मग ‘चला तर’, बोलायला सुरुवात करतानाचं.
एवढ्याशा खोलीत इतकी भाडेकरू मंडळी
आणि भांडण नाही.
व्युत्पत्ती? कोणी म्हणतं हन्, म्हणजे मारणे, त्यापासून.
कोणी म्हणतं, छे, तो नुसता श्वास,
मार लागल्यावर सुटलेला.

सगळे माझ्याकडे बघू लागले,
जणू संस्कृत माझ्या माहेरचं.
मी चाचपलं : अरेरे? अगंबाई? वा?
एकात हसू मावेना, दुसऱ्यात रडू.
बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
‘अहो, हे तर आमचं ऑख्!’
आणि म्हणूनच दाखवलं :
नात झाल्यावरचं, बस चुकल्यावरचं,
दवाखान्यातून परतलेल्या शेजारणीला पाहून,
आणि ‘उठा आता, नऊ वाजले’चं.

मिरजेला वडील,
पोस्टातले, देवाधर्माचे फारसे नव्हेत,
पण जेवायच्या आधी एक वाटा बाजूला काढत,
येईल त्याच्यासाठी. त्याला म्हणत हंतकार.
स्वाहा देवांचं, स्वधा पितरांची,
हन्त तेवढं माणसांचं, म्हणत, आणि भात कालवत.
मला वाटे, हे कुणाचं तरी आडनाव असावं.
कधी जेवायला येतात ते हंतकार,
मी दाराकडे बघत बसे.

घरी परतताना, जिन्यात,
खालच्या लॉरिमरांचं दार अर्धं उघडं.
खुंटीला पट्टा. कुत्रं सोमवारी गेलं.
चौदा वर्षं माझ्या पावलांवर भुंकायचं,
आज पहिल्यांदाच माझी पावलं मला ऐकू आली.

वर गेले. आमटी गरम केली,
स्वतःचं ताट घ्यायच्या आधी वाडगं भरलं,
खाली आले.
सॉरी म्हणणार होते, पण सॉरी
सकाळीच खर्चलं होतं,
दुकानात ट्रॉली धडकली तेव्हा.

तोंड उघडलं, आणि घशाच्या तळातून आलं,
आपल्या ख-चं, थोडं खरखरीत :
ऑख्.

त्यांनी वाडगं दोन्ही हातांनी घेतलं.
बराच वेळ वाफेकडे बघत राहिले.
मग विचारलं, तिखट आहे का?

म्हटलं, थोडंसं.