शंभरचं टाक

उदगीर-जळकोट रस्त्यावरच्या पंपावर
माझी रातपाळी असते.
पहाटे सहाला भाव आपोआप बदलतो.
शिडी लावावी लागत नाही, कुणाला उठवावं लागत नाही.
पाटीवरच्या शेवटच्या आकड्याचा
मधला दांडा जळालाय,
आठ आला तरी शून्यच दिसतं.
"चला, आठ पैशे तरी सुटले," म्हणतो मन्मथ
आणि सत्तर रुपयांची चिल्लर मोजायला बसतो.

म्हणे कुठल्याशा चिंचोळ्या समुद्रात
जहाजं उभी राहिलीत.
आम्हाला समुद्राचं काय,
आमच्याकडं तिरू आहे,
तीही होळीपर्यंत.

पण एक सांगतो,
इथं काही महाग होत नाही.
लहान होतं.

मैनोद्दीनचाचाचा भांड्यांचा टेम्पो
सत्तरनं होतं तेव्हाही म्हणायचा, "शंभरचं टाक,"
आजही म्हणतो, "शंभरचं टाक."
शंभर तेच.
तेवढ्यात पूर्वी चार गावं व्हायची, आता अडीच.
अडीच म्हणजे, तिसऱ्याच्या वेशीवरच
तो भोंगा लावतो
आणि बाया डोक्यावर जुनं जर्मन घेऊन
चालत येतात त्याच्यापर्यंत.

गंगासागरच्या गाड्यावर
भज्यांची प्लेट वीसचीच आहे.
सहा होती, पाच झाली,
मग पुन्हा सहा झाली,
पण ती सहा मी नीट बघितली.

शाळेची व्हॅन आता फाट्यापर्यंतच येते.
फी वाढवली नाही, संस्थेनं फलकावर लिहिलंय.
दीड किलोमीटर पोरं एका रांगेत येतात,
सगळ्यात मागं एक बारकी,
तिची पाण्याची बाटली तिच्या गुडघ्याला लागते
टक, टक, टक.

आणि व्यंकट, माझा मेव्हणा,
जालन्याला सळईच्या कारखान्यात होता.
तीन पाळ्यांच्या दोन झाल्या.
त्याला कुणी काढलं नाही,
त्याची पाळीच उरली नाही.
पिवळं हेल्मेट घेऊन आला,
त्यात आता बहिणीच्या कोंबडीनं अंडी घातलीत.

मधी भाव उतरला.
दोन रुपये चाळीस पैशे.
मन्मथनं मोबाईल काढून पाटीचा फोटो घेतला.
मी आठवडाभर वाट बघितली,
भजं काही वाढलं नाही,
व्हॅन फाट्याच्या पुढं आली नाही,
अर्धं राहिलेलं गाव पुरं झालं नाही.
चढताना सगळे धरून चढतात,
उतरताना कुणाच्याच ध्यानात राहत नाही
की आपण कुठून चढलो होतो.

पेपरात मोठ्या अक्षरात येतं,
इंधन दरवाढीचा झटका.
आमच्याकडं झटका म्हणजे निराळा.
मीटर थांबलं की गिऱ्हाईक
माझ्या हाताकडं बघतं, म्हणतं,
"झटक ना भाऊ जरा."
मग मी नळी उचलून
टाकीच्या तोंडावर झटकतो,
एकदा, आणखी एकदा.
तीन थेंब पडतात, कधी चार.
पूर्वी हे कुणी सांगायचं नाही.
आता गाडीवाल्या डॉक्टरीणबाईसुद्धा
काच खाली करतात.

काल घरी गेलो,
आई कढईवर तेलाची पिशवी उलटी धरून
दोन बोटांनी वरून खाली निपटत होती.
मी काही बोललो नाही.
ती म्हणाली,
"बघतोस काय, हात लाव,
तुला तर सवय आहे."